धूर आला म्हणजे संगणक गेला का?

प्रश्न : शाळेच्या अडगळीत जुना बीबीसी मायक्रो सापडला. सुरू करताच धूर आला. आता भंगारातच द्यायचा का?
– एक शिक्षिका

उत्तर : १९८१ साली आलेल्या या संगणकातला धूर बहुधा मुख्य बोर्डाचा नसतो, तो पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरचा असतो. त्याच्या पिवळसर पारदर्शक वेष्टनाला कालांतराने बारीक चिरा पडतात, आतला कागद ओलावा धरतो आणि वीज मिळताच तो फुटतो. दुर्गंधी भयंकर, पण नुकसान सहसा तेवढ्यावरच थांबते. त्याच मूल्याचा, ‘एक्स-२’ दर्जाचाच कपॅसिटर बसवावा. प्लग काढल्यावरही आत घातक विद्युतभार उरतो, त्यामुळे हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. त्यानंतर सुरू करताना दोन सुरांची बीप आली, तर संगणक शाबूत आहे. एकच सूर लांबत राहिला, तर वीज बंद करून सॉकेटमधल्या चिप पुन्हा घट्ट बसवून पाहाव्यात.