मागे पाहणारा डोळा

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत अनेक कुटुंबे मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडून प्रवासाला निघतात. या घराला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्यात झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी असे सर्व काही असते. नसते फक्त इंजिन. मोटार ओढील तिकडे ते जाते. समजा, असे ७ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद घर पाठीशी आहे. मग चालकाला मागचे दिसावे कसे?

मोटारीतील मधल्या आरशात ट्रेलरची पुढची भिंत तेवढी दिसते. बाहेरचे आरसे लांब दांड्यांवर बसवले, तर दोन्ही बाजू दिसतात. परंतु प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे ट्रेलरच्या थेट मागची जमीन कोणत्याच आरशात येत नाही. मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना नेमके तिथेच एखादे लहान मूल खेळत असले तर?

यावर उपाय म्हणजे कॅमेरा. ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली ब्यूइक कंपनीने दाखवलेल्या ‘सेंच्युरियन’ या प्रायोगिक मोटारीत आरशाऐवजी मागे टेलिव्हिजन कॅमेरा होता. अमेरिकेत मे २०१८ पासून तयार होणाऱ्या हलक्या वाहनांना तर मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे. वाहनाच्या मागची ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब जागा तिच्यात दिसावी लागते. पण ट्रेलर जोडला, की मोटारीच्या कॅमेऱ्यासमोरही भिंतच येते. ट्रेलर अडकवताना तो उपयोगी पडतो. पुढे मात्र दुसरा कॅमेरा लागतो. तो ट्रेलरच्या मागच्या बाजूला उंचावर, किंचित खाली झुकवून बसवतात.

डावे कोणते, उजवे कोणते?

वर्गात एक प्रयोग करा. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे राहा. मित्राला तुमच्या पाठीला पाठ लावून उभे करा. त्याच्या उजव्या हाताला असलेली खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईल. मागे पाहणारा कॅमेरा म्हणजे हा मित्र. त्याचे चित्र जसेच्या तसे दाखवले, तर डावीकडचे झाड पडद्यावर उजवीकडे दिसेल आणि चालक गोंधळेल. आता हातात आरसा धरून मागे पाहा. डावीकडची खिडकी आरशातही डावीकडेच दिसते. म्हणून कॅमेऱ्याच्या चित्रातील डाव्या-उजव्या बाजूंची मुद्दाम अदलाबदल करतात. अशा पडद्यावर मागच्या पाटीवरील अक्षरे उलटी दिसतात, ती यामुळेच.

दिसते तेवढे दूर नसते

थोड्या अंतरावरून पुष्कळ रुंदी टिपायची, म्हणून या कॅमेऱ्यात विस्तृत कोनाचे भिंग असते. त्याचे केंद्रांतर कमी असल्याने प्रतिमा लहान पडते. लहान दिसणारी वस्तू आपल्याला दूर वाटते. बहिर्वक्र आरशातही असेच होते. ताशी ३.६ किलोमीटर या सावकाश वेगातही वाहन सेकंदाला १ मीटर सरकते. ब्रेक दाबायला १ सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर गेलेच!

ओढणे सोपे, ढकलणे अवघड

फूटपट्टीच्या टोकाच्या भोकात पेन्सिलीचे टोक घालून ती टेबलावर ओढा. पट्टी निमूटपणे मागे येते. आता तशीच ढकला. जरासा कोन झाला, की पट्टी बाजूला वळते आणि कोन वाढतच जातो. मागे जाताना ट्रेलरचेही असेच होते. शिवाय, ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे न्यायचे असेल, तर सुकाणूचक्र आधी उजवीकडे फिरवावे लागते. उसाने भरलेली ट्रॉली मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला हे चांगले ठाऊक असते.

कॅमेरा ट्रेलरच्या मागे काय आहे ते दाखवतो. मोटार आणि ट्रेलर यांच्यात किती कोन झाला, हे मात्र बाहेरच्या आरशांतच कळते. म्हणून जाणता चालक दोन्हींकडे आलटून पालटून पाहतो. पडद्याच्या चौकटीबाहेरून कोणीही अचानक आत येऊ शकते. त्यासाठी तो आधी खाली उतरून जागा पाहतो, मुलांना दूर उभे करतो आणि सोबत्याला आपल्याला दिसेल अशा ठिकाणी उभे राहायला सांगतो. सोबती दिसेनासा झाला, की गाडी थांबवायची, हा नियम.

विचार करा : ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या, तर त्या सरळ मागे नेणे आणखी अवघड का होते? दोन फूटपट्ट्या दोऱ्याने जोडून पाहा.