गोडी आहे तोवर

जुनवानी, भिलाई
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास,


तुझे पत्र परवा पोहोचले आणि मी ते दोनदा वाचले. एकदा तुझा मामा म्हणून, आणि एकदा, ज्याच्या हयातीतली चौतीस वर्षे दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात गेली अशा माणसाच्या नजरेने. पुण्यातील बऱ्या पगाराच्या नोकरीचा राजीनामा देऊन यापुढे केवळ बँडच करावा की काय, असा प्रश्न तू विचारला आहेस, आणि तू स्पष्ट लिहिले नसलेस तरी ताईची समजूत मी घालावी, ही तुझी अपेक्षाही मला कळली. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी देईनच. परंतु त्याआधी, तू जो प्रश्न विचारलाच नाहीस त्याच्याकडे तुझे लक्ष वेधणे मला अधिक अगत्याचे वाटते.

गेल्या महिन्यात रायपूरकडचा कार्यक्रम आटोपून तुम्ही चौघे दोन दिवस इथे राहून गेलात, तेव्हा गच्चीवर बसून तुमच्या ड्रमवाल्या मित्राने स्नेअरचा विरलेला पडदा उतरवून नवा चढवला, तो सारा विधी मी जवळून पाहिला. कड्यावरचे स्क्रू तो ओळीने पिळीत नव्हता. इकडचा एक पिळला की त्याच्या बरोबर समोरचा, पुन्हा इकडचा, पुन्हा समोरचा, आणि तेही दर वेळी चावीचा अर्धाच फेरा. प्रत्येक फेऱ्यानंतर काठीने कडेपाशी हलकेच ठोकून, कान वाद्याजवळ नेऊन तो ऐकत होता. एका अंगाला ताण जास्त पडला तर पडदा वाकडा बसतो आणि मग नाद कधीच जुळत नाही, असे त्याने मला समजावून सांगितले. तिथेच चटईवर चहा घेताना मी सहज विचारले, की काल शेवटी वाजवलेत ते गाणे कोणाचे? तिघे एकदम म्हणाले, ‘बँडचे.’ चौथा, ज्याने त्या गाण्याचे शब्द लिहिले होते हे मला मागाहून कळले, तो कपातल्या चहाकडे पाहत राहिला. पुढे गाडीभाड्याचा विषय निघाला तेव्हा ते कोणी भरले आणि किती भरले याचे चौघांनी चार आकडे सांगितले. आणि आयोजकांनी कबूल केलेली बिदागी अद्याप हाती पडली नाही, या संतापात तो विषय तसाच विरून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बिदागी आज ना उद्या मिळेल, किंवा बुडेल. मला सलत राहिले ते त्या मुलाचे गप्प बसणे.

तुझे आजोबा दुर्गच्या कचेरीत नाझर होते. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि कचेरीच्या भाषेत दस्तऐवज, कबुलायत, रुजवात हे शब्द श्वासोच्छ्वासाइतके सहज होते. भाऊबंदकीचे दावे त्यांनी इतके पाहिले होते, की घरातल्या कोणत्याही सामाईक व्यवहारात ते एकच आग्रह धरीत : गोडी आहे तोवर लिहून ठेवा. लहानपणी मला त्यात अविश्वासाचा वास येई. आज मला असे वाटते, की ज्याला आपल्या माणसाचा स्नेह मोलाचा वाटतो तोच तो स्नेह स्मरणशक्तीच्या हवाली करीत नाही.

तुम्ही ज्या वाटेने निघाला आहात ती तुमच्या आधी ज्यांनी तुडवली त्यांची हकीकत तुला ठाऊक असेल, तरी ती माझ्या बाजूने एकदा पाहा. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, गायनाला उदय बेनेगल, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, आणि मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, जयेश गांधी अशी ती मंडळी. त्या काळी महाविद्यालयांच्या महोत्सवांत, आणि १९८६ साली सुरू होऊन दीर्घकाळ रंगभवनात भरत राहिलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या मेळ्यात, श्रोत्यांचा आग्रह विलायती बँडांची प्रसिद्ध गाणी हुबेहूब वाजवण्याचा असे, जो जितकी चांगली नक्कल करी त्याला तितक्या टाळ्या पडत. अशा वेळी, स्वतः रचलेली गाणीच आम्ही वाजवू, असा निश्चय करून समोरच्या जमावाचा पहिला नाराजीचा सूर सोसणे, याला मी संगीतातले मोठे धैर्य समजतो. त्यातून १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हे संग्रह निघाले. १९९३ साली त्यांनी आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले; नऊ वर्षांत कमावलेली ओळख आपल्या हाताने उतरवून ठेवून, आपण कोणत्या मातीतले आहोत हे नावातच सांगण्याचा तो प्रयत्न होता, आणि १९९५ सालच्या संग्रहात त्या वळणाचे सूर ऐकू येतात.

आणि १९९७ साली तो बँड मोडला. त्यांच्या घरातल्या गोष्टी बोलण्याचा मला अधिकार नाही. बाहेरची परिस्थिती मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. इंग्रजी रॉकचा श्रोता चार-सहा शहरांत विखुरलेला, उपग्रह वाहिन्यांनी ज्यांना उचलून धरले त्या हिंदी पॉप गीतांची लाट नुकती चढलेली, आणि वयाच्या तिशीत शिरलेल्या माणसांपुढे संसाराचे प्रश्न उभे. बेनेगल आणि गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले, ‘आम्स फॉर शांती’ हा नवा उद्योग त्यांनी आरंभला. तेरा वर्षांनी, २०१० साली, इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह निघाला. दोन संग्रहांच्या मध्ये सतरा वर्षे! त्या सतरा वर्षांत जी गाणी झाली असती, ती आता कोणाकडेच नाहीत. मात्र तेरा वर्षांनी का होईना, तिनईकर, बेनेगल आणि बालापोरिया एका खोलीत पुन्हा वाद्ये लावू शकले, त्यावरून त्यांच्यातले मूळ धन शाबूत राहिले होते असे मी मानतो. तुमचे असेच शाबूत राहावे म्हणून हे सारे लिहीत आहे.

आता कागदाविषयी. तुम्हा मुलांना कंटाळवाणा वाटणारा हा भाग मला सर्वांत रसाळ वाटतो, म्हणून जरा सावकाश वाच. एका गाण्यात एक नव्हे, निदान तीन मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरील हक्क रचणाऱ्याच्या हयातीत, आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा असून तो मुद्रणाच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली त्याचा; म्हणून स्टुडिओचे भाडे तुम्ही आपल्या खिशातून देता तेव्हा जे तुमचे असते, ते एखाद्या कंपनीने मुद्रण करवले म्हणजे बहुधा तिचे होते. वाजवणाराही अगदी रिकाम्या हाताचा नाही. कलावंत म्हणून त्याचा वेगळा हक्क ५० वर्षांचा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ सालच्या दुरुस्तीने तर असे केले आहे, की शब्दकार आणि संगीतकार यांनी हक्क विकला तरी गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला आपला समसमान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेकडेच जाऊ शकतो. अशी संस्था, आयपीआरएस, १९६९ पासून आहे. तुमच्यातल्या शब्द आणि चाल रचणाऱ्यांनी तिचे सभासद व्हावे.

म्हणून, ते गाणे ‘बँडचे’ या उत्तराने भागत नाही. प्रेमाने दिलेले ते उत्तर आहे, पण कायद्याच्या दप्तरात ‘बँड’ नावाचा कोणी इसम नाही. तुम्हाला चौघांत सारखे वाटून घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, माझा स्वतःचा कल तिकडेच आहे, कारण चाल एकाला सुचली तरी तिला आकार तालमीच्या खोलीतच येतो. मात्र ज्याने शब्द लिहिले त्याच्या तोंडून ते ‘हो’ एकदा ऐका आणि प्रत्येक गाण्यापुढे चौघांचे हिस्से मांडून तारखेनिशी सह्या करा. नावाचेही तसेच. कोणी सोडून गेला तर नाव कोणाकडे राहील, हे आज ठरवा, आणि त्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून टाका. ती दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. याशिवाय भागीदारीचा एक साधा करारनामा करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, परंतु नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून उत्पन्न झालेल्या येण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. अडकलेल्या बिदागीवर तुम्ही गच्चीत जो संताप केलात त्याला ही एक नोंदणी उपयोगी पडली असती.

माणूस गेला तरी नाव कसे टिकते याचे उदाहरण दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’मध्ये दिसते. १९९० साली सुरू झालेला हा बँड २००० सालच्या ‘कंदिसा’ने देशभर पोहोचला, आणि त्या संग्रहाला नाव देणारे गीत सिरियन ख्रिस्ती प्रार्थनेचे, शंभरातल्या नव्व्याण्णवांना न कळणाऱ्या भाषेतले! (मराठीत गायलो तर ऐकेल कोण, ही तुझी शंका मला त्यामुळेच पटत नाही, मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’ची मुले गिटारवर अभंग गातात, ते ऐक.) २००९ च्या डिसेंबरात ‘इंडियन ओशन’चा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी नवा संग्रह दर महिन्याला एक गाणे याप्रमाणे फुकट वाटायला घेतला, आणि त्याला नाव दिले ते करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते तालीम करीत त्या घराच्या पत्त्याचे : ‘१६/३३० खजूर रोड’. २०१३ साली संस्थापक गिटारवादक सुस्मित सेनही बाजूला झाला. तरीही राहुल राम आणि अमित किलम नव्या सोबत्यांना घेऊन वाजवीत राहिले. तुमच्याजवळ असा पत्ता आहे का? तालमीची एक ठरलेली जागा, ठरलेले वार, ठरलेली वेळ? ज्या खोलीचे भाडे चौघे मिळून भरतात ती खोली पुष्कळ भांडणे आपोआप मिटवते, असे मला वाटते.

आता तुझ्या राजीनाम्याचे. आपल्या भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात पहिल्यांदा पंडवानी, म्हणजे महाभारताची कथागीते, गायल्या, तेव्हा त्यांना दहा रुपये मिळाले होते. बायकांनी बसून गावे ही रीत मोडून त्या हातात तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या, आणि बाई असून पंडवानी गाते म्हणून जातीने त्यांना बाहेर काढले. देशोदेशी ज्यांचे नाव झाले आणि २०१९ साली ज्यांना पद्मविभूषण मिळाले, त्या तीजनबाई भिलाई इस्पात संयंत्राच्या नोकरीत होत्या. नोकरीने त्यांचा आवाज बारीक झाला नाही. तेव्हा नोकरी आणि साधना यांचे हाडवैर आहे, ही समजूत तू मनातून काढून टाक.

तू एकट्याने राजीनामा देऊ नकोस, एवढेच माझे सांगणे. तुमच्यातल्या एकावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे, दुसऱ्याचे वडील आजारी आहेत. ते नोकरी सोडू शकत नाहीत. तू सोडलीस तर दिवसाचे बारा तास तुझ्याजवळ असतील आणि त्यांच्याजवळ रात्रीचे दोन, आणि सहा महिन्यांत, कोणाचाही दोष नसताना, तू त्यांना आळशी समजू लागशील आणि ते तुला मालक. जो काही त्याग करायचा तो समोरासमोर, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने. हे वाक्य तुमच्या ड्रमवाल्या मित्राला वाचून दाखव. त्याला माझे म्हणणे लगेच समजेल. बँडच्या येण्यातून चौघांचे सहा महिन्यांचे घरखर्च निघतील इतकी शिल्लक आधी सामाईक खात्यात जमू दे, मग चौघांनी बसून ठरवा. त्या दिवशी ताईला मी स्वतः फोन करीन. आणि कानांत बोळे घालून वाजवीत जा. भट्ट्या-गिरण्यांत काम करणारे लोक ते घालतात, त्यात कमीपणा नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

या पत्रासोबत कुरिअरने एक चोपडी पाठवीत आहे. पहिल्या पानावर जमा आणि नावे असे दोन भाग माझ्या हाताने आखले असून, गाडीभाड्याची रक्कम लिहायची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. चौघे एकत्र बसाल तेव्हा तो आकडा भरा. शेवटची काही पाने गाण्यांसाठी राखली आहेत : गाण्याचे नाव, शब्द, चाल, हिस्सा, सही. पहिल्या ओळीत रायपूरकडच्या कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्याचे नाव मी लिहून ठेवले आहे. ‘शब्द’ या रकान्यात काय भरायचे ते त्या मुलाला विचार, आणि पेन त्याच्याच हाती दे. स्नेअरची जुनी चावी गच्चीवरच्या टाकीजवळ सापडली. तीही त्याच पाकिटात घातली आहे.

तुझा
मामा