घटक ६ : हवरामान तख्त – एका कुर्द शेतकरी गावाचा भूगोल, इतिहास आणि भाषा

६.१ प्रास्ताविक

भाषा आणि बोली यांतील भेद कोणत्या निकषांवर केला जातो, याचा तात्त्विक विचार आपण यापूर्वी केला आहे. हे निकष प्रत्यक्षात लावू लागलो की त्यांची कसोटी कशी लागते, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात एकाच गावाचा अभ्यास करावयाचा आहे. हे गाव इराणच्या कुर्दिस्तान प्रांतात, इराकच्या सीमेनजीक, झाग्रोस पर्वतात वसलेले आहे. दूरदेशीचे गाव निवडण्यामागे हेतू आहे. मराठी आणि कोकणी यांच्या वादात आपण कळत-नकळत पक्षकार असतो. हवरामानच्या बाबतीत आपला कोणताच पूर्वग्रह नाही, त्यामुळे पुरावा पुराव्यासारखा पाहता येतो.

या घटकाच्या अभ्यासानंतर गावाची भूरचना आणि शेतीची रीत यांचा परस्परसंबंध आपणांस सांगता यावा, तसेच एखाद्या भाषेचे वर्गीकरण आणि ती बोलणाऱ्यांची अस्मिता या दोन वेगळ्या गोष्टी कशा असू शकतात, याचे विवेचन करता यावे, अशी अपेक्षा आहे.

६.२ डोंगर, पाणी आणि बांध

'हवरामान' (फारसीत 'उरामान') हे एका प्रदेशाचे नाव आहे आणि 'तख्त' हे त्यातील प्रमुख गाव. 'तख्त' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. सत्तेची बैठक, सिंहासन असाच त्याचा अर्थ आहे. 'हवरामान' या नावाची फोड मात्र इतकी सरळ नाही. 'अहुरा'शी, म्हणजे झरतुष्ट्राच्या धर्मातील देवाशी, त्याचा संबंध जोडणारी व्युत्पत्ती स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. नादसाम्यावर उभ्या राहिलेल्या अशा व्युत्पत्त्यांना आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. त्या गावाच्या इतिहासाविषयी फारसे काही सांगत नसल्या, तरी गावाला स्वतःविषयी काय वाटते हे नेमके सांगतात.

सिरवान नदीच्या खोऱ्यातील हा सारा मुलूख उभ्या चढणीचा आहे. शाहो पर्वताची शिखरे तीन हजार मीटरहून उंच आहेत. सपाट जमीन जवळपास नाहीच. त्यामुळे येथील माणसाने जमीन आधी तयार केली आणि मग कसली. चुना वा चिखल न वापरता रचलेले दगडी बांध (आपल्या कोकणात ज्यास गडगा म्हणतात, त्याच जातीचे) उतारावर एकाखाली एक घालायचे, त्यांच्यामागे माती भरायची आणि त्या अरुंद पट्टीवर अक्रोड, द्राक्ष, तुती, अंजीर, डाळिंब लावायचे, ही येथील शेतीची मूळ रीत. धान्यापेक्षा फळझाड येथे महत्त्वाचे ठरले, याचे कारण उघड आहे. एवढ्याशा पट्टीत गव्हाचे पीक कुटुंबाला वर्षभर पुरणार नाही, पण अक्रोडाचे एक मोठे झाड पिढ्यान्‌पिढ्या फळ देते आणि त्याची मुळे बांधामागची माती धरून ठेवतात.

घरांची रचनाही याच न्यायाने झाली आहे. घरे दगडाची, उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली. खालच्या घराचे धाबे तेच वरच्या घराचे अंगण. कसण्याजोगी जमीन घरांखाली वाया जाऊ नये, हा विचार त्यामागे आहे. पर्यटकांना हे दृश्य रमणीय वाटते. रचणाऱ्यांना ते परवडणारे होते म्हणून त्यांनी ते रचले.

शेतीच्या जोडीला मेंढ्या-शेळ्यांचे पालन असते. बर्फ वितळले की कळपांसह कुटुंबे वरच्या कुरणांकडे जातात. त्या हंगामी वस्तीला 'हवार' म्हणतात. थंडी पडू लागली की पुन्हा खाली. म्हणजे एकाच कुटुंबाचा पत्ता ऋतूनुसार बदलतो. शेतकरी आणि भटका पशुपालक असे जे दोन खण आपण समाजशास्त्रात करतो, त्यांपैकी कोणत्याही एका खणात हे लोक मावत नाहीत. २०२१ साली युनेस्कोने हवरामानच्या सांस्कृतिक भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात बारा गावांचा समावेश असून बांधांवरील बागशेती आणि उंचीनुसार होणारे हे स्थलांतर यांचा उल्लेख त्यात विशेषत्वाने केलेला आहे.

वर्षचक्राशी बांधलेला एक उत्सवही येथे सांगितला पाहिजे. पीर शालियार या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ हिवाळ्याच्या मध्यास हा उत्सव होतो. मुले घरोघरी अक्रोड वाटून त्याची वर्दी देतात, पशुबळी दिला जातो, मांस व धान्य एकत्र शिजवून सर्वांना वाढले जाते आणि डफांच्या तालावर पुरुष हातात हात गुंफून झुलतात. कथा अशी की, बुखाऱ्याच्या राजाची मूकबधिर कन्या पीर शालियारने बरी केली आणि त्यांचा विवाह झाला. पीर झरतुष्ट्री होता की सूफी, यावर मतभेद आहेत. गाव आज सुन्नी मुसलमान आहे, आणि उत्सवाला त्याची अडचण वाटत नाही.

६.३ द्राक्षमळ्याचे खरेदीखत

हवरामानच्या इतिहासाचे सर्वांत जुने लिखित साधन राजाने कोरवलेले आहे. तंगीवर येथील कड्यावर असुर सम्राट दुसरा सार्गोन याचे शिल्प व क्यूनिफॉर्म लेख आहे. तो इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरचा. त्यात मोहिमा आहेत, शेतकरी नाहीत.

शेतकरी भेटतो तो पुढच्या साधनात, आणि आपल्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. १९०९ च्या सुमारास हवरामानमधील एका गुहेत बंद तोंडाचे दगडी भांडे सापडले. त्यात भरडधान्याच्या दाण्यांत ठेवलेली चर्मपत्रे होती. त्यांपैकी तीन विद्वानांच्या हाती आली. दोन ग्रीक भाषेत आहेत, इ. स. पू. पहिल्या शतकातील. तिसरे पार्थियन भाषेत असून इ. स. ५३ चे मानले जाते. त्यांत काव्य नाही, धर्मोपदेश नाही. द्राक्षमळ्यांच्या विक्रीचे व्यवहार आहेत. पार्थियन पत्रात पातस्पाक नावाचा मनुष्य आपला मळा अवील नावाच्या मनुष्यास विकतो. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात मळा ही खाजगी, विकता येणारी, साक्षीदारांसमोर लिहून द्यावयाची मालमत्ता होती, हे या एका पुराव्याने सिद्ध होते.

भाषेच्या अभ्यासकाने येथे जरा थांबावे. ग्रीक पत्रांतील माणसांची नावे बहुतांशी इराणी आहेत. मळा विकणारे आणि घेणारे घरी ग्रीक बोलत असतील, असे मानण्यास आधार नाही. अलेक्झांडरनंतरच्या राज्यांत ग्रीक ही कागदाची भाषा होती, एवढेच. मोडीतल्या जुन्या खतांतील फारसी शब्द ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कागदाची भाषा आणि बांधावरची भाषा यांतील अंतर हवरामानमध्ये तेव्हापासून आजतागायत आहे. फक्त कागदाची भाषा बदलत गेली.

६.४ हवरामी : कोणाची, कोणत्या कुळातली?

या गावाची भाषा हवरामी. ती गोरानी या भाषासमूहातील सर्वांत जुनी वळणे राखणारी मानली जाते. डी. एन. मॅकेंझी यांनी १९६६ साली तिच्या लुहोन येथील रूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. शेजारची सोरानी कुर्द भाषा लिंग आणि विभक्ती गमावून बसली आहे. हवरामीत नामांचे पुल्लिंग-स्त्रीलिंग आणि विभक्तिरूपे टिकून आहेत.

शेतीतलाच एक शब्द पाहू. संस्कृत 'यव'. मराठीत तो 'जव' झाला, कारण प्राकृतात शब्दारंभीच्या य-चा ज झाला. फारसीत 'जौ', सोरानीत 'जो'. हवरामीत मात्र 'यवे', आरंभीचा य शाबूत. तसेच 'वात': फारसीत 'बाद', सोरानीत 'बा', हवरामीत 'वा'. मराठी 'वीस' आणि हिंदी 'बीस' यांत व-ब असाच भेद आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. मराठीतील आणि फारसीतील य-ज हा बदल एकमेकांपासून घेतलेला नाही, तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला, हे येथे ध्यानात ठेवावे. साम्य दिसले की उसनवारी गृहीत धरणे, ही प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांतील नेहमीची चूक आहे.

वाक्यरचनेतही एक ओळखीची खूण सापडते. 'मुलाने भाकरी खाल्ली' या वाक्यात आपले क्रियापद कर्माशी जुळते, 'मुलगा भाकरी खातो' यात कर्त्याशी. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात रचना अशी पालटणे हे हवरामीचेही वैशिष्ट्य आहे.

आता मूळ प्रश्न. हवरामी ही कुर्द भाषेची बोली आहे काय? ध्वनिबदलांच्या आधारे मॅकेंझी आणि त्यांच्यापूर्वीच्या अभ्यासकांनी गोरानी समूहास कुर्द भाषेहून वेगळे मानले. हवरामी बोलणारे बहुसंख्य लोक मात्र स्वतःस कुर्द मानतात आणि आपल्या भाषेस कुर्दच म्हणतात. माझ्या मते येथे कोणासही खोटे ठरविण्याचे कारण नाही. ध्वनिनियम शब्दांचे कूळ सांगतात. समाजाने आपले नाव काय घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. उलट, 'आम्ही कुर्द' या भावनेने ध्वनिनियमही बदलत नाहीत.

गोरानीला एकेकाळी मोठी प्रतिष्ठा होती. सनंदज येथील अर्दलान घराण्याच्या आश्रयाने ती काव्यभाषा झाली. यारसान पंथाचे पवित्र ग्रंथ तिच्यात आहेत. मौलवी (१८०६–१८८२) हा श्रेष्ठ कवी याच भाषेत लिहीत होता. एकोणिसाव्या शतकात सुलेमानियाच्या परिसरात सोरानी काव्य बहरले, अर्दलानांची सत्ता संपली आणि गोरानी मागे पडली. तरी सोरानीत आजही 'गोरानी' या शब्दाचा अर्थ 'गीत' असा होतो. भाषा गेली, तिचे नाव गाण्याला चिकटून राहिले. हवरामानमध्ये मात्र वाद्यांशिवाय गायची 'सियाचमाने' (काळ्या डोळ्यांची) ही गीते अजून कानी पडतात.

६.५ सीमा, धरण आणि शाळा

उस्मानी आणि सफावी साम्राज्यांमध्ये १६३९ साली तह झाला, त्यातून आखल्या गेलेल्या सीमेची परिणती म्हणजे आजची इराण-इराक सीमा. तिने हवरामानचे दोन भाग केले. १९८८ च्या १६ मार्च रोजी इराकी विमानांनी ज्या हलबजा शहरावर विषारी वायूचे बॉम्ब टाकून सुमारे पाच हजार माणसे मारली, ते शहर याच पर्वतांच्या पायथ्याशी आहे. आज या सीमेवरून पाठीवर माल वाहणारे 'कोलबर' बर्फात, सुरुंगांवर आणि सीमारक्षकांच्या गोळ्यांनी मरतात. 'बर' म्हणजे वाहणारा. आपल्या 'भार' शब्दाचा तो नातेवाईक. बांधावरची पट्टी कुटुंबाला पुरेनाशी झाली की तरुण या वाटेला लागतो.

सिरवान नदीवरील दर्यान धरणात २०१५ च्या अखेरीस पाणी अडविण्यास सुरुवात झाली. हजीज हे नदीकाठचे जुने गाव आणि 'कानी-बेल' हा विख्यात झरा जलाशयाखाली गेला. गावकऱ्यांना वर नवी घरे मिळाली. परंतु अशा गावात प्रत्येक पट्टीला, वळणाला, पाणवठ्याला नाव असते. जमिनीचा मोबदला देता येतो. नावांचा देता येत नाही, कारण ती ज्याकडे बोट दाखवून उच्चारायची ती जागाच उरत नाही. पुढची पिढी ते शब्द का शिकेल?

शाळेची गोष्टही याहून फार वेगळी नाही. इराणच्या संविधानाचे १५ वे कलम फारसीबरोबर प्रादेशिक भाषांचे साहित्य शाळेत शिकविण्यास मुभा देते. शिक्षणाचे माध्यम मात्र फारसीच आहे. इराकच्या बाजूस कुर्द भाषेस २००५ च्या संविधानाने अधिकृत दर्जा मिळाला, परंतु त्या भागात वर्गात येते ती सोरानी. एका बाजूस हवरामी मूल फारसी शिकते, दुसऱ्या बाजूस सोरानी. 'यवे' हा शब्द दोन्हीकडे फळ्यावर येत नाही.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी

१. हवरामानमधील ग्रीक चर्मपत्रांवरून तेथील शेतकऱ्यांच्या बोलभाषेविषयी कोणते अनुमान काढता येते आणि कोणते काढता येत नाही? सकारण लिहा.

२. 'भाषेचे वर्गीकरण व भाषकांची अस्मिता' या विषयावर हवरामीच्या संदर्भात सुमारे ३०० शब्दांत विवेचन करा.

३. उपक्रम : आपल्या गावातील किंवा नजीकच्या गावातील शेतांची, बांधांची, ओढ्यांची व पाणवठ्यांची किमान पंचवीस नावे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. प्रत्येक नावापुढे ती जागा आज अस्तित्वात आहे की नाही, हे लिहा. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद कोणत्या नावाने वा क्रमांकाने आहे, तेही तपासा.