ब्रह्मगिरी ते त्रिरश्मी

आश्विन महिन्यातील ती सकाळ होती. पाऊस नुकताच उघडला होता. माझा नातू, नात आणि त्यांचे दोन सोबती असे चौघेजण पहाटेपासूनच पंचवटीतील आमच्या अंगणात येरझारा घालीत होते. सुट्टीतील एक दिवस मी त्यांना देऊ केला होता. सकाळी डोंगर, दुपारी नदी आणि सायंकाळी लेणी, असा आमचा बेत होता.

बरोबर सहाच्या ठोक्याला दाराशी जीप येऊन उभी राहिली आणि तीतून आमचा वाटाड्या खाली उतरला. तो माझाच एके काळचा विद्यार्थी. भूगोलाच्या तासाला तो खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे पाहत बसे; पुढे तेच डोंगर पाहुण्यांना दाखविणे हा त्याचा व्यवसाय झाला. वाकून नमस्कार करीत तो म्हणाला, "गुरुजी, आज शिक्षक मी आणि विद्यार्थी तुम्ही. चालेल ना?"

"आनंदाने," मी म्हणालो, "मात्र चुकलास तर कान धरीन!"

मुले खळखळून हसली आणि जीप निघाली. पुलावरून जाताना खाली गोदावरीचे विस्तीर्ण पात्र दिसले. घाटावर स्नानासाठी आलेल्यांची गर्दी सुरू झाली होती. "हे पात्र नीट पाहून ठेवा," वाटाड्या म्हणाला, "अजून थोड्या वेळाने मी तुम्हांला हीच नदी पुन्हा दाखविणार आहे."

शहर मागे पडले आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या रांगा उभ्या राहिल्या. एका वळणावर जीप थांबवून त्याने मुलांना विचारले, "समोरच्या डोंगराच्या अंगावर तुम्हांला काय दिसते?"

"पायऱ्या!" नात म्हणाली.

"शाबास! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीला प्रचंड भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पसरला आणि थिजला. पुन्हा नवा रस आला. तोही त्याच्यावर पसरला. असे थरावर थर चढत गेले. पुढे वारा, ऊन आणि पाऊस यांनी हे थर झिजविले. जेथे दगड कठीण होता तेथे उभा कडा राहिला. जेथे तो मऊ होता तेथे उतार झाला. त्या झाल्या या पायऱ्या. या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात."

डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागला. हनुमंताचा जन्म येथे झाला, अशी लोकांची श्रद्धा आहे. या डोंगराची आणखीही एक थोरवी आहे. येथे उगवणाऱ्या एका चिमुकल्या फुलवनस्पतीला शास्त्रज्ञांनी डोंगराच्या नावावरून 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे नाव दिले आहे.

त्र्यंबक गावी पोचल्यावर आम्ही जीप खाली ठेवली. नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या काळ्या पाषाणाच्या त्र्यंबकेश्वर मंदिरात जाऊन दर्शन घेतले आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढू लागलो. माझ्या वयाला ती चढण सोपी नव्हती. मी दर वळणावर दम घेई आणि मुले वरून मला हाका मारीत. शेवटी गंगाद्वार आले. कड्याच्या पायथ्याशी एका लहानशा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची बारीक धार पडत होती.

"हीच गोदावरी," वाटाड्या म्हणाला.

नातवाचा चेहरा पडला. "ही? आमच्या अंगणातल्या नळालासुद्धा यापेक्षा जास्त पाणी येते!"

"खरे आहे," वाटाड्या हसून म्हणाला. "पण ही धार येथे थांबत नाही. वाटेत भेटणारा प्रत्येक ओढा, प्रत्येक उपनदी ती आपल्यात सामावून घेते. नाशिक, पैठण, नांदेड आणि राजमहेंद्री अशी गावे जगवीत, 1,465 किलोमीटर वाट चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. आणि गंमत पाहा, अरबी समुद्र येथून जेमतेम 80 किलोमीटरांवर आहे. तरी ही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते!"

"असे का?" एका मुलाने विचारले.

"कारण हा डोंगर पाणलोट दुभागतो. याच डोंगरांतून वैतरणा नदीही निघते. ती मात्र अरबी समुद्राकडे जाते. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावांपैकी एक तिच्याच वरच्या भागात, येथून जवळच आहे. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब! एक मुंबईच्या घागरीत जातो, तर दुसरा आंध्रच्या भातशेतीत."

मुले काही वेळ त्या बारीक धारेकडे पाहत राहिली. नातवाने ओंजळ पुढे केली आणि पाणी प्याला. नळाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

दुपारी परतीच्या वाटेवर जीप मुख्य रस्ता सोडून शेतांमधल्या कच्च्या वाटेने गंगापूर धरणाकडे वळली. खाचखळग्यांतून आम्ही चांगलेच घुसळून निघालो. मुलांना मात्र त्याचाच अधिक आनंद वाटला. सकाळी मनगटाएवढीही नसलेली ती धार येथे विशाल जलाशय होऊन पसरली होती. हे मातीचे धरण 1965 साली पूर्ण झाले. नाशिक शहर मुख्यतः याचे पाणी पिते. काठावरच्या झाडाखाली आम्ही भाकरी, पिठले आणि ठेचा यांची शिदोरी सोडली. थोडी विश्रांती घेऊन पुढे निघालो.

शहराला वळसा घालून आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात त्रिरश्मी डोंगराचा सुळका दिसू लागला. याच्या उत्तरेकडील अंगावर, मध्यावर, चोवीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. वास्तविक पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरण्यास आरंभ झाला. लेण्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आहेत. पुढे ती लिपीच लोक विसरून गेले. अक्षरे डोळ्यांसमोर होती, पण ती वाचणारा कोणी उरला नव्हता. एवढे मोठे काम पांडवांवाचून कोण करणार, असे वाटून लोकांनी त्यांचे नाव दिले. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि या मुक्या भिंती बोलू लागल्या.

पायऱ्या चढून आम्ही दहाव्या लेण्याच्या ओसरीत आलो. आत गारवा होता. वाटाड्याने भिंतीवरच्या लांबच लांब लेखाकडे बोट केले. "हात न लावता पाहा. अधिकाच्या चिन्हासारखे, खालची रेघ थोडी लांबविलेले अक्षर कोणाला सापडते का?"

"हे पाहा! आणि हे!" नात ओरडली.

"तो आपला 'क'. तुझ्या वहीतल्या 'क'चा फार जुना पूर्वज!"

मग त्याने लेखाचा अर्थ सांगितला. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी या प्रदेशावर क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान राज्य करीत होता. त्याचा जावई उषवदात याने हे लेणे कोरविले. उषवदाताने विहिरी खोदल्या, तळी बांधली, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. दमणा, पारदा, तापी अशा नद्यांवर त्याने लोकांना विनामूल्य पार करणाऱ्या नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या. दमणा म्हणजे आपली दमणगंगा आणि पारदा म्हणजे पार नदी. दोघींचाही उगम आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांत आहे.

"आणि येथे एक गणितही आहे," तो पुढे म्हणाला. "उषवदाताने दोन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून येथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना दरवर्षी वस्त्रांसाठी पैसे द्यावयाचे. सांगा पाहू, प्रत्येकाला किती मिळत?"

मुलांनी बोटे मोडून हिशेब केला. "बारा!"

"भिंतीवरही बाराच लिहिले आहेत."

सर्वजण हसले, फक्त माझा नातू त्यांत नव्हता. मी वळून पाहिले. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, एका खांबाआड तो उभा होता. त्याच्या हाती एक टोकदार दगड होता आणि तो खांबाला टेकलेला होता. खांबावर आधीच कोणी कोणी आपली नावे ओरखडून ठेविली होती. त्यांत आणखी एकाची भर पडणार होती. मला संताप आला. मी काही बोलणार, इतक्यात वाटाड्याने मला हाताने थांबविले. तो सावकाश नातवाजवळ गेला.

"बाळ, मी सहावीत असताना वर्गातल्या बाकावर कर्कटकाने माझे नाव कोरले होते. तुझ्या आजोबांनी मला मारले नाही. हाती पॉलिश पेपर दिला आणि तो बाक गुळगुळीत होईपर्यंत घासावयास लाविला. दोन दिवस लागले. बाक पुन्हा पहिल्यासारखा झाला. पण हा दगड घासून पहिल्यासारखा होत नाही. येथे उमटलेला ओरखडा तुझ्यामागे हजार वर्षे राहील."

"मग उषवदाताने नाही का आपले नाव कोरले?" नातवाने मान खाली घालूनच विचारले.

प्रश्न अवघड होता. मी वाटाड्याकडे पाहिले. तो म्हणाला, "चल, तुला एक लेणे दाखवतो. मग तूच उत्तर दे."

आम्ही तिसऱ्या लेण्यापाशी गेलो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने हे लेणे भिक्षूंना दान दिले. त्यातील लेखात तिने आपल्या पुत्राचा पराक्रम गाइला आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचे कूळ निःशेष केले, असे ती अभिमानाने सांगते.

"क्षहरात म्हणजे नहपानाचेच ना?" नात म्हणाली.

"होय. सातकर्णीने नहपानाचा मोड केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूचा मुखवटा असलेल्या नाण्यावर त्याने स्वतःची मुद्रा उठविली. जिंकणारे राजे असेच करीत. पण आता विचार करा. शत्रूच्या जावयाचा तो लेख येथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यात नहपानाचे नाव आहे. छिन्नीचे चार घाव घातले असते तर ते नाव नाहीसे झाले असते. परंतु तो लेख आजही शाबूत आहे."

लेण्यात क्षणभर शांतता पसरली. मग नातू हळूच म्हणाला, "नाणे राजाचे होते. लेणे सगळ्यांचे होते."

वाटाड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर तुलाच सापडेल. उषवदाताने लोकांना नावा दिल्या, म्हणून त्याचे नाव राहिले. तू या खांबाला काय देणार होतास?"

नातवाने मुठीतला दगड पायऱ्यांच्या कडेला गवतात टाकून दिला. मी त्याला एक शब्दही बोललो नाही. जे काम माझ्या रागाने झाले नसते ते माझ्या जुन्या विद्यार्थ्याने गोडीने केले होते. कान धरण्याची पाळी माझीच होती!

उतरताना नातवाने विचारले, "आजोबा, ज्यांनी हातांनी ही लेणी कोरली, त्यांची नावे कोठे आहेत?" मी म्हणालो, "दान देणारांची नावे भिंतीवर आहेत. कोरणारांचे प्रत्येक भिंतीवर कामच आहे."

जीप पंचवटीकडे निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुलावर वाटाड्याने वेग कमी केला. खाली गोदावरीच्या पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे हलत होती. सकाळी आम्ही हीच नदी पाहिली होती. परंतु आता तिच्याकडे पाहताना मुलांच्या डोळ्यांपुढे ब्रह्मगिरीवरची ती बारीक धार उभी होती. नातू बराच वेळ बाहेर पाहत होता. मग म्हणाला, "काका, आपण फुकट नदी पार केली. हा पूल ज्यांनी बांधला, त्यांचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत."

अभ्यास

शब्दार्थ : वाटाड्या – वाट दाखविणारा, पाणलोट – पाणी वाहून जाण्याचा उतार, श्रेणी – एकाच व्यवसायातील लोकांचा संघ, मोड करणे – पराभव करणे, शाबूत – न मोडलेला, सुरक्षित, दिवेलागण – दिवे लावण्याची सायंकाळची वेळ.

1. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) सह्याद्रीच्या डोंगरांवर पायऱ्यांसारखे थर कसे निर्माण झाले?
(आ) एकाच ढगातून पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना कसे मिळतात?
(इ) लेण्यांना 'पांडवलेणी' हे नाव का पडले असावे?

2. सविस्तर उत्तर लिहा : 'नाणे राजाचे होते. लेणे सगळ्यांचे होते.' या उद्गाराचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

3. 'नावा दिल्या, म्हणून त्याचे नाव राहिले.' या वाक्यातील शब्दांची गंमत सांगा. एका शब्दाचे दोन अर्थ होतील असे आणखी तीन शब्द शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

4. गणित : उषवदाताने आणखी 1,000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेविले होते. त्यांचे एका वर्षाचे व्याज किती झाले?

5. उपक्रम : तुमच्या गावातील जुनी विहीर, बारव, घाट, पूल किंवा मंदिर पाहा. ते कोणी व कशासाठी बांधले, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.