डिझाइनच्या कामासाठी लॅपटॉप : प्रोसेसर पारखून घ्या

साडीचे काठ, दुपट्ट्याची बुट्टी, टी-शर्टवरील छपाई ही सारी कामे आता लॅपटॉपवर होतात. आपले अनेक तरुण कारागीर उसनवारी करून तो घेतात. लहान दुकानदाराचे हे हंगामाचे भांडवल असते. ते नुसत्या नावावर जाऊ नये म्हणून हे चार शब्द.

माझी चूक आधी सांगतो. चिखलदऱ्यात पर्यटकांसाठी शाली व छापील टी-शर्ट विकताना मी ‘आय-७’ची चिठ्ठी पाहून एक पातळ लॅपटॉप घेतला. हिवाळ्यात तो बरा चालला. मे महिन्यात घाट उतरून परतवाड्याला मोठी ऑर्डर करायला बसलो, तर अर्ध्या तासात त्याची गती मंदावली. माल दोन दिवस उशिरा गेला आणि गिऱ्हाईक तुटले.

कारण साधे आहे. प्रोसेसर भरपूर काम करतो तेव्हा तापतो आणि उष्णता बाहेर पडली नाही, तर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. खाली मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. आपल्या वऱ्हाडात ही बाब विसरून चालणार नाही.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) शेवटचे अक्षर : इंटेलच्या २०२३ च्या मालिकेतील दोन प्रोसेसर पाहा. ‘आय-७ १३५५यू’ मध्ये १० कोर आहेत, पण मोठे फक्त २; त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. ‘आय-५ १३५००एच’ मध्ये १२ कोर, त्यांत मोठे ४ आणि मर्यादा ४५ वॅट. म्हणजे सलग जड कामात नावाने धाकटा असलेला आय-५ पुढे राहतो. ‘यू’ बॅटरी वाचवतो, ‘एच’ काम ओढतो. मात्र ‘एच’ला चांगला पंखा आणि जाड अंग लागते.

(२) एएमडीचा आकडा : रायझनच्या ७,००० च्या मालिकेत पहिल्या आकड्यावर भुलू नका, तिसरा पाहा. ‘७५२०यू’ मधला २ म्हणजे २०१९ मध्ये आलेली जुनी रचना. ‘७८४०यू’ मधला ४ म्हणजे २०२२ ची. चिठ्ठी सारखी, माल वेगळा.

(३) काम कोणते : कोरेलमध्ये रेषा काढणे, फोटोशॉपमध्ये रंग सुधारणे यांत एका कोरचा वेग महत्त्वाचा. व्हिडिओ व थ्रीडी कामात जास्त कोर आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. फक्त बुट्टी काढणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

(४) मेमरी : साडेपाच मीटर लांब व ११० सेंटिमीटर रुंद साडीचे चित्र इंचाला १५० बिंदूंनी केले, तर सुमारे २१ कोटी बिंदू होतात. छपाईच्या चार रंगांत एका थरालाच सुमारे ८४ कोटी बाइट लागतात. असे आठ-दहा थर झाले की ८ जीबी मेमरी संपते. अशा कामाला १६ जीबी किमान, ३२ जीबी उत्तम. मेमरी अपुरी असेल तर महाग प्रोसेसरही रिकामा बसून राहतो.

(५) परीक्षा : आपली सर्वांत जड फाईल पेनड्राइव्हवर दुकानात न्या. तेच काम लागोपाठ पाच वेळा करून घड्याळ लावा. पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, तर ते यंत्र उन्हाळ्यात दगा देणार हे समजावे. दुकानदार करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

आपण कापडवाले नुसत्या शिक्क्यावर तागा उचलत नाही. पोत हातात घेतो, ताणा-बाणा पाहतो, कोपरा भिजवून रंग तपासतो. लॅपटॉप घेतानाही तीच सवय ठेवली, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.