कारागिराच्या व्यसनाचा संशय आणि मालकाचे कर्तव्य

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. चतुर्थी जवळ आली की रंगकाम रात्रीही चालते. एखाद्या कारागिराचा हात कापू लागला, डोळे लाल दिसले, की 'हा नशा करतो' अशी कुजबूज सुरू होते, आणि विचारावयास मालक गुरुजींकडे येतो.

गुरुजींनी त्यास प्रथम हे सांगावे की, जागरण, प्लास्टरची धूळ व थिनरची वाफ यांनीही डोळे लाल होतात, डोके गरगरते. तेव्हा आरोप न करता दिसले तेवढेच बोलावे : तीन दिवस उशीर झाला, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बिघडली. हे बोलणे एकांतात व्हावे, चारचौघांत नव्हे. त्याचे मूल कदाचित आपल्याच वर्गात बसत असेल, आणि कारखान्यातील बोभाटा शाळेत पोहोचावयास वेळ लागत नाही.

व्यसन कबूल झाले तरी 'उद्यापासून दारू बंद' असा हुकूम सोडणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास झटके येऊन प्राणावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टर. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे उपचार करीत आले आहे. १४४४६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही विनामूल्य मिळतो.

उपचार चालू असेतो मालकाने त्याची जागा राखावी, शिडीवरचे काम देऊ नये, आणि कमावलेली मजुरी मुळीच अडवू नये. ती पत्नीच्या हाती द्यावयाची झाल्यास त्याच्या संमतीनेच द्यावी.