उपग्रहाला घराचा पत्ता ठाऊक नसतो

गेल्या पावसाळ्यात एका रात्री लोणावळ्यात आमच्या शेजारच्या आजोबांना दम लागला. मुलाने फोनवरून पत्ता कळविला. रुग्णवाहिका निघाली आणि येऊन थांबली ती रेल्वेमार्गाच्या पलीकडे! तिचे दिवे आम्हांला दिसत होते. पण पुलावरून वळसा घालून दारी यायला आणखी बारा मिनिटे गेली. (आजोबा आता बरे आहेत.) ‘उपग्रह चुकला,’ असे जो तो म्हणू लागला. खरेच का तो चुकला?

जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त आपली वेळ व आपले स्थान रेडिओलहरींनी कळवीत राहतात. लहर पोहोचायला लागलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. अशा चार अंतरांवरून फोन आपले अक्षांश, रेखांश काढतो. तीन का पुरत नाहीत? फोनचे घड्याळ साधे असते. त्याची चूक हेही एक अज्ञातच. एक मायक्रोसेकंद चुकला तर ३०० मीटरांचा फरक! मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरच चुकतो. खंडाळ्याच्या कड्याखाली लहर कातळावर आपटून लांबच्या वाटेने येते, तेव्हा चूक वाढते.

पण त्या रात्री गाडीला स्वतःची जागा बरोबर कळली होती. आता आमचे पत्ते पाहा: बंगल्याचे नाव, ‘अमक्या शाळेमागे’, लोणावळा, ४१०४०१. यात अक्षांश कोठे आहे? नावावरून बिंदू शोधायचा तो संगणकाने, आपल्या यादीतून. यादीत नाव नसेल तर तो अंदाज करतो.

आजोबांच्या घराचा बिंदू मात्र बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी तो ताडून पाहिला. घोटाळा त्यापुढचा. गाडी रस्त्यावरूनच जाणार, म्हणून यंत्र बिंदूपासून सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता निवडते. फाटकापुढची गल्ली नकाशात नव्हतीच. उरले दोन रस्ते: अलीकडचा ६० मीटरांवर, रुळांपलीकडचा ४५ मीटरांवर. यंत्राने ४५ घेतले. गणित चोख, मधले रूळ त्याच्या हिशेबातच नव्हते!

२०२५ मध्ये डाक विभागाने ‘डिजिपिन’ आणला. सुमारे चार मीटर बाजूच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत. बिंदू त्याने नेमका सांगता येईल. पण फाटक कोणत्या अंगाला, ते नाही.

म्हणून फोन घेऊन आपल्या फाटकात उभे राहा आणि अक्षांश टिपून घ्या. लोणावळ्यात तो १८.७५ च्या आसपास येईल. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक ११ मीटरांचा, पाचवा १.१ मीटरचा. फोन सहावा अंकही दाखवील. तो किती खरा मानायचा, हे वर सांगितलेल्या पाच मीटरांवरून तुम्हीच ठरवा.